प्रबंधात एआय वापरलंय, आता ते नोंदवायचं कुठे आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रबंध अर्ध्यावर आलाय. चॅटजीपीटी तीन कामांना वापरलं. लिहिलेल्या मजकुराची भाषा सुधारायला, संदर्भ शोधायला आणि मुलाखतींचे सारांश काढायला. त्याचं नाव संदर्भसूचीत घालायचं, की ऋणनिर्देशात एक ओळ पुरे? आणि तपासणीत 'हे एआयने लिहिलंय' असा शेरा आला तर काय करायचं?

तुम्ही तिन्ही कामं एका दमात सांगितलीत, पण नोंदीच्या दृष्टीने ती तीन निराळी प्रकरणं आहेत. भाषा सुधारली असेल तर ते निवेदनात, म्हणजे एआय कुठे आणि कसं वापरलं हे सांगणाऱ्या प्रबंधातल्या छोट्या नोंदीत, जातं. संदर्भ शोधले असतील तर सूचीत टूलचं नाव येत नाही, तुम्ही स्वतः उघडून वाचलेला मूळ लेख येतो. मुलाखतींचे सारांश काढले असतील तर ते संशोधनपद्धतीच्या प्रकरणात येतं. शिवाय तिथे संमतीचा प्रश्न आहे, आणि तिन्हींत तोच सगळ्यात गंभीर आहे. त्याकडे पुढे सविस्तर येतो.

आधी परवानगीचं बघा. विद्यापीठाचा सर्वसाधारण नियम, विभागाची सूचना आणि त्या अभ्यासक्रमाच्या शिक्षकांनी दिलेली सूचना यांत फरक असेल तर जी जास्त कडक आणि तुमच्या कामाच्या जास्त जवळची, ती पाळायची. कुठेच काही लिहिलेलं नसेल तर त्याचा अर्थ 'चालतं' असा काढू नका. मार्गदर्शकांना ईमेल करा आणि त्यात कामं मोजून लिहा: 'दुसऱ्या प्रकरणाच्या तयार मसुद्यातली वाक्यरचना सुधारण्यासाठी टूल वापरू इच्छिते, आशय त्यातून घेणार नाही, चालेल का?' 'एआय वापरलं तर चालेल का?' असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येतं आणि पुढे वाद झाला तर ते उपयोगी पडत नाही. उत्तर आलं की जपून ठेवा.

संदर्भ आणि निवेदन यांत गल्लत होते ती इथे

संदर्भ दोन कामं करतो. विचार कुणाचा ते सांगतो आणि वाचकाला पुराव्यापर्यंत नेतो. टूलच्या उत्तराबाबत दुसरं काम होतच नाही. तोच प्रॉम्प्ट (टूलला दिलेली सूचना किंवा प्रश्न) उद्या दिला तर उत्तर वेगळं येतं. शब्द निवडताना मॉडेल, म्हणजे टूलमागची भाषा तयार करणारी यंत्रणा, शक्यतांमधून निवड करतं, त्यामुळे थोडा फरक पडतोच. शिवाय मॉडेल मागच्या मागे बदललेलं असू शकतं. म्हणून 'स्थलांतराची तीन मुख्य कारणं आहेत (ओपनएआय, २०२५)' असं वाक्य लिहिलंत तर सूची नियमात बसेल, पण विधानाला आधार मिळणार नाही. परीक्षक विचारतील, ही तीन कारणं कोणत्या अभ्यासातली? टूल हा स्रोत नाही, ती कामाची पद्धत आहे. ती लपवायची नाही आणि तिला पुराव्याच्या जागीही बसवायचं नाही.

मग टूलचा रीतसर संदर्भ कधी द्यायचा? त्याच्या उत्तरातला मजकूर, कोड, चित्र किंवा तक्ता तुम्ही तसाच किंवा जवळपास तसाच प्रबंधात दाखवत असाल तेव्हा. टूलच्या उत्तरांचीच चिकित्सा तुमच्या अभ्यासाचा विषय असेल तर अर्थात दरवेळी.

संदर्भ देण्याच्या शैलीनिहाय रीत वेगळी आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने (एपीए) एप्रिल २०२३ मध्ये जो साचा दिला त्यात बनवणारी कंपनी लेखकाच्या जागी येते:

ओपनएआय. (२०२३). चॅटजीपीटी (१४ मार्चची आवृत्ती) [लार्ज लँग्वेज मॉडेल]. दुवा.

मजकुरात (ओपनएआय, २०२३). कंपनीचं नाव तिथे येतं ते सॉफ्टवेअर कुणाचं हे सांगायला. तिने तुमचा परिच्छेद लिहिला असा त्याचा अर्थ नाही. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचा (एमएलए) साचा बरोबर उलट्या बाजूने विचार करतो. लेखकाची जागा रिकामी सोडायची आणि शीर्षकाच्या जागी प्रॉम्प्टच द्यायचा: "अमुक कवितेतली प्रतिमासृष्टी समजावून सांग" हा प्रॉम्प्ट. चॅटजीपीटी, आवृत्ती, ओपनएआय, तारीख, दुवा. माझ्या मते मानव्यविद्यांच्या प्रबंधांना ही रीत जास्त उपयोगी आहे, कारण काय विचारलं होतं ते वाचकाला लगेच दिसतं. शिकागो शैलीत ते तळटीपेत जातं: 'चॅटजीपीटीने तयार केलेला मजकूर, ओपनएआय, ७ मार्च २०२३, दुवा.' सर्वांना उघडता येईल असा दुवा नसेल तर शिकागो ते ग्रंथसूचीत घालू नका म्हणते. अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेच्या नियतकालिकांत एआयने तयार केलेल्या मजकुराचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा लागतो, आणि कोणतं टूल, लेखाच्या कोणत्या भागात, कितपत हे सांगावं लागतं.

हे साचे बदलत राहतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या सीनियरच्या प्रबंधातून नमुना उचलू नका. त्या शैलीच्या अधिकृत पानावर सादर करण्याच्या आठवड्यात एकदा बघून घ्या.

लेखक म्हणून टूलचं नाव मात्र कुठेच चालत नाही. प्रकाशननीतीवर काम करणाऱ्या कोप या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आयसीएमजेई या समितीने मे २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. कारण सरळ आहे. लेखक म्हणजे चूक निघाली तर उत्तर देणारा, हितसंबंध जाहीर करणारा, करारावर सही करणारा. टूल यातलं काहीच करू शकत नाही.

निवेदन कसं लिहावं

बहुतेक प्रबंधांत दिसणारं निवेदन असं असतं: 'या प्रबंधासाठी एआय साधनांची मदत घेतली आहे.' यातून वाचकाला काहीच कळत नाही. स्पेलिंग तपासलं की अख्खं प्रकरण लिहून घेतलं? दोन्हींना हेच वाक्य लागू पडतं, म्हणून परीक्षक वाईटात वाईट शक्यता धरतात. नुसत्या ऋणनिर्देशातल्या ओळीवर भागत नाही ते याच कारणाने.

चांगल्या निवेदनात सहा गोष्टी येतात: टूल आणि मॉडेलचं नाव, वापराचा काळ, कोणता भाग, कोणतं काम, उत्तर कसं तपासलं, आणि कशासाठी वापरलं नाही. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि शंका तिनेच फिटते. तुमच्या प्रकरणात ते साधारण असं होईल:

'लेखिकेने स्वतः लिहिलेल्या दुसऱ्या व चौथ्या प्रकरणाच्या मसुद्यातील वाक्यरचना सुधारण्यासाठी चॅटजीपीटी (ओपनएआय; मॉडेलचे नाव; वापराचा काळ) हे साधन वापरले. सुचवलेले बदल मूळ वाक्याशी ताडून स्वीकारले किंवा नाकारले. साहित्याचा शोध घेताना शोधशब्द सुचवण्यासाठीही त्याचा वापर केला. सूचीतील प्रत्येक संदर्भ मूळ स्वरूपात पाहिला आहे. विश्लेषण, आकडेवारी व निष्कर्ष यांसाठी साधन वापरलेले नाही. मुलाखतींबाबतचा वापर तिसऱ्या प्रकरणात नोंदवला आहे. प्रॉम्प्टची यादी परिशिष्टात दिली आहे. मजकुराची संपूर्ण जबाबदारी लेखिकेची आहे.'

यातलं एखादं वाक्य तुमच्याबाबत खरं नसेल तर ते काढा. 'प्रत्येक संदर्भ पाहिला आहे' हे लिहायचं तर खरोखर पाहिलेला हवा. खोटं निवेदन हे न दिलेल्या निवेदनापेक्षा जास्त महागात पडतं.

निवेदनाची जागा विद्यापीठाच्या साच्यात ठरलेली असेल तर तिथे, नसेल तर प्रतिज्ञापत्रानंतर किंवा संदर्भसूचीच्या लगेच आधी. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेची नियतकालिकं ते संदर्भसूचीच्या आधी मागतात. नुसती शुद्धलेखन-तपासणी आणि झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर यांचा उल्लेख तिथे करावा लागत नाही. विद्यापीठं मात्र इतकी एकसारखी नाहीत, म्हणून शंका असेल तिथे एक ओळ जास्त लिहिलेली बरी. चित्रांबाबत नियम सगळ्यात कडक आहेत. नेचरसह अनेक नियतकालिकं एआयने बनवलेल्या प्रतिमा सरसकट घेतच नाहीत, मोजके अपवाद सोडून. त्यामुळे प्रबंधातून पुढे लेख काढायचा विचार असेल तर आकृत्या स्वतः काढा.

वहीत नोंद ठेवली नसेल तर आजपासून ठेवा

निवेदन लिहायला बसल्यावर आठ महिन्यांपूर्वी काय विचारलं होतं ते आठवत नाही. एक साधी स्प्रेडशीट उघडा. रकाने: तारीख, टूल आणि मॉडेल, काम, प्रॉम्प्ट, उत्तरातलं काय घेतलं, प्रबंधात कुठे गेलं, कसं तपासलं. एका नोंदीला मिनिटभर लागतं. संभाषण पीडीएफ करून तारखेच्या नावाने जतन करा. निव्वळ स्क्रीनशॉट नंतर शोधता येत नाहीत. शेअर करायचा दुवा सोयीचा असतो खरा, पण संभाषण पुसलं की तो मरतो, म्हणून परिशिष्टात केवळ दुव्यावर विसंबू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. काही टूल्स तुमच्या आधीच्या संभाषणांतल्या गोष्टी लक्षात ठेवून उत्तर बदलतात. ती सोय चालू असेल तर तोच प्रॉम्प्ट दुसऱ्याने दिला की उत्तर आणखीच वेगळं येणार. प्रबंधाच्या कामाला ती बंद ठेवा. तात्पुरतं संभाषण वापरत असाल तर ते इतिहासात राहत नाही, लगेच जतन करा.

भाषा सुधारताना अर्थ कसा सरकतो

हे काम सगळ्यांना निरुपद्रवी वाटतं. एक वाक्य जवळून बघा. मसुद्यात समजा असं आहे:

'ज्या गटाने आठवड्यातून तीनदा सराव केला त्यांचे गुण जास्त आढळले, पण गट लहान होते.'

'हे वाक्य शैक्षणिक भाषेत लिही' असं सांगितलं की उत्तर बहुधा या धाटणीचं येतं:

'आठवड्यातून तीनदा केलेल्या नियमित सरावामुळे विद्यार्थ्यांच्या गुणांमध्ये लक्षणीय वाढ झाल्याचे दिसून येते.'

वाचायला छान. पण 'आढळले' जाऊन 'मुळे' आलं, म्हणजे तुम्ही न तपासलेला कार्यकारणसंबंध आला. 'लक्षणीय' हा शब्द संख्याशास्त्रात ठरावीक अर्थाचा आहे, तुम्ही ती चाचणी केलेलीच नाही. 'जास्त आढळले'चं 'वाढ झाली' झालं, म्हणजे आधीचे गुण मोजले होते असा भास तयार झाला. 'नियमित' कुठून आलं कुणास ठाऊक. आणि 'पण गट लहान होते' ही संशोधकाची प्रामाणिक कबुली गळून पडली. एका वाक्यात पाच बदल, आणि तोंडी परीक्षेत पाचही तुमच्या अंगावर येणार.

टूल सराईत, ठाम वाक्यांकडे ओढतं. शंका, मर्यादा, 'बहुधा', 'या नमुन्यापुरतं' असे शब्द त्याला पसारा वाटतात. म्हणून प्रॉम्प्ट बदला: 'फक्त व्याकरण आणि विरामचिन्हं दुरुस्त कर. शब्द बदलायचा असेल तर आधी यादी दे, मी ठरवीन. शंका किंवा मर्यादा दाखवणारे शब्द काढू नकोस.' एका वेळी एकच परिच्छेद द्या. नंतर वर्डमधली दस्तऐवज-तुलना वापरून जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवा. बदल रंगीत दिसतात, एकेक स्वीकारा. पूर्ण प्रकरण एकदम दिलं की हे होत नाही, कारण तीस पानांचे बदल कुणी तपासत नाही.

मराठी प्रबंधाला आणखी एक रोग लागतो. 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की', 'यात महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', 'एका व्यापक दृष्टिकोनातून पाहता' अशी वाक्यं पानोपानी उगवतात. ती इंग्रजीच्या साच्यातून आलेली असतात आणि त्यांत आशय शून्य. परिभाषेचीही गडबड होते. एकाच इंग्रजी संज्ञेला एका परिच्छेदात एक प्रतिशब्द, पुढच्यात दुसरा. तुमच्या संज्ञांची यादी आधी ठरवा, प्रॉम्प्टसोबत द्या आणि शेवटी शब्दशोध लावून तपासा.

इंग्रजी उताऱ्याचं मराठी भाषांतर टूलने केलं असेल तर संदर्भ मूळ लेखकाचा आणि पृष्ठाचा द्यायचा, आणि तळटीपेत 'भाषांतर साधनाच्या मदतीने, लेखिकेने मुळाशी ताडून' असं लिहायचं. टूलचं भाषांतर कंसात 'भाषांतर माझे' म्हणून देऊ नका.

टूलने दिलेले संदर्भ

२०२३ साली सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीमागच्या मॉडेलांपैकी जीपीटी-३.५ ने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ ने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ मुळात अस्तित्वातच नसलेले निघाले. नवी टूल्स इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात, त्यामुळे निव्वळ काल्पनिक संदर्भ कमी होतात, पण चुकीची जात बदलते. दुवा खरा असतो, लेख खरा असतो, आणि त्या लेखात ते विधान नसतं. ही चूक पकडायला जास्त अवघड आहे, कारण दुवा उघडला की माणूस निर्धास्त होतो.

बनावट संदर्भ इतका अस्सल का दिसतो? कारण संदर्भ हा मजकुरातला सगळ्यात साचेबद्ध तुकडा आहे. आडनाव, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठं. त्या विषयात खरोखर लिहिणारा लेखक, खरं नियतकालिक आणि शोभेलसं शीर्षक एकत्र जुळवणं मॉडेलला सोपं जातं. प्रत्येक तुकडा खरा, जोडणी खोटी.

तपासायची रीत अशी. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गुगल स्कॉलरमध्ये शोधा. नुसतं तिथे सापडलं म्हणून पुरत नाही, कारण कुणीतरी आधीच उद्धृत केलेल्या बनावट संदर्भाचीही नोंद तिथे होऊ शकते. नोंदीपुढे केवळ 'उद्धरण' अशी खूण असेल आणि लेख उघडत नसेल तर सावध व्हा. मग डीओआय, म्हणजे लेखाला मिळालेला कायमचा ओळखक्रमांक, घ्या. तो १० या आकड्याने सुरू होतो. डीओआय डॉट ऑर्गवर टाका आणि उघडलेल्या पानावरचं शीर्षक वाचा. बनावट संदर्भातला डीओआय कधी उघडतच नाही, कधी भलत्याच लेखावर नेतो. त्यानंतर नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो खंड, तो अंक उघडून पृष्ठं जुळतात का बघा. सगळं जुळलं तरी काम संपत नाही. लेख उघडा, तुमचं विधान कोणत्या पृष्ठावर आहे ते शोधा आणि तो पृष्ठक्रमांक लिहा. पृष्ठ सापडलं नाही तर संदर्भ घालू नका.

मराठी ग्रंथांना बहुधा डीओआय नसतो, आणि नेमकं तिथेच टूल मोकाट सुटतं. लेखक नामवंत, पुस्तकाचं नाव कधीच न ऐकलेलं. वर्ल्डकॅट (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित ऑनलाइन सूची), ग्रंथालयाची सूची आणि प्रकाशकाची यादी या तीन ठिकाणी बघा. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) दिला असेल तर तेरा आकडी क्रमांकाची झटपट चाचणी करता येते. आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, ती १० ने निःशेष भागली गेली पाहिजे. नाही गेली तर क्रमांक खोटा किंवा चुकून लिहिलेला. गेली म्हणून पुस्तक खरं ठरत नाही, आणि जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच, म्हणून नसण्यावरून काही ठरवू नका.

टूललाच 'हा संदर्भ खरा आहे ना?' असं विचारणं ही तपासणी नाही. न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हिआंका या खटल्यात वकिलांनी अस्तित्वात नसलेले न्यायनिवाडे दाखल केले होते. ते खरे आहेत का हे त्यांतल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि उत्तर 'हो' असं आलं होतं. जून २०२३ मध्ये न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला.

टूलचा खरा उपयोग शोधाच्या आधीच्या टप्प्यावर आहे. समानार्थी शोधशब्द, एखाद्या संकल्पनेला दुसऱ्या ज्ञानशाखेत काय म्हणतात, शोध कसा अरुंद करावा. हे विचारा, आणि शोध स्वतः ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये घ्या.

मुलाखतींचे सारांश

इथे थांबून आधी संमतीपत्र काढा. त्यात 'माहिती फक्त संशोधक आणि मार्गदर्शक पाहतील' असं लिहिलं असेल, आणि तुम्ही ट्रान्सक्रिप्ट (मुलाखतीचं शब्दशः लेखन) एखाद्या सार्वजनिक टूलमध्ये टाकलं असेल, तर दिलेलं वचन मोडलं गेलंय. वैयक्तिक खात्यांवरची संभाषणं मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरली जाऊ शकतात. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, पण बंद केल्यानेही मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर गेलेला असतोच. विद्यापीठाने करार करून दिलेलं खातं असेल तर अटी वेगळ्या असतात. त्या माहिती-तंत्रज्ञान विभागाकडून लेखी घ्या.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नसतं. 'गावातल्या एकमेव महिला डॉक्टर' असं वाक्य राहिलं तर नाव कशाला हवं? नाव, ठिकाण, संस्था, पद, तारखा आणि अशी एकमेवपणा दाखवणारी वर्णनं, सगळं सांकेतिक करून मगच पुढचा विचार. संकेतांची किल्ली वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये.

झालेलं असेल तर मार्गदर्शकांना आणि नैतिकता समितीला आता सांगा. ती संभाषणं खात्यातून पुसा, पण काय आणि कधी टाकलं होतं याची नोंद आधी करून ठेवा. समिती सहभागींना कळवायला सांगेल, किंवा ते सारांश बाजूला ठेवून काम हाताने करायला सांगेल. दोन्ही त्रासाचं आहे, तरी तोंडी परीक्षेच्या दिवशी उघडकीला येण्यापेक्षा कितीतरी बरं. ज्यांनी विश्वासाने तासभर बोलून दिलं त्यांचं हे देणं आहे.

संमतीत बसत असेल तरीही सारांशावर विश्लेषण उभारू नका. सारांशात वारंवार आलेली गोष्ट टिकते आणि एकदाच, अडखळत सांगितलेली गळते. गुणात्मक संशोधनात कित्येकदा तीच मोलाची असते. ट्रान्सक्रिप्शनसाठी व्हिस्परसारखं, बोलण्याचं लिखित रूप करणारं मॉडेल स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालवता येतं, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही. पण शांततेच्या जागी ते कधी कधी न बोललेली वाक्यं घुसडतं, आणि बोलीभाषेत तर शब्द सर्रास बदलतं. ध्वनिफीत कानाला लावून पूर्ण तपासावं लागतं.

टूलकडून कोडिंग (मुलाखतीतल्या विधानांना विषयवार खुणा देणं) करून घेतलं असेल तर पद्धतीच्या प्रकरणात मॉडेलचं तारखेसह नाव, प्रॉम्प्ट जसाच्या तसा, किती वेळा चालवलं आणि उत्तरं किती जुळली ते द्या. मजकुराचा एक भाग दोन माणसांनी स्वतंत्रपणे कोड करून त्यांच्याशी टूलची तुलना करा. कोहेनचा कप्पा (दोघांचं कोडिंग किती जुळतं ते सांगणारा आकडा) तिन्ही जोड्यांसाठी काढा, म्हणजे माणसांमधला मतभेद आणि टूलच्या चुका वेगळ्या दिसतात.

आणि डिटेक्टरचा शेरा

ओपनएआयने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये एक डिटेक्टर, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते ओळखू पाहणारं टूल, काढला होता. कंपनीच्याच चाचणीत तो एआयच्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखत होता आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होता. जुलैमध्ये तो मागे घेतला गेला. ९ टक्के म्हणजे २०० प्रामाणिक निबंधांत १८ जणांवर खोटा आळ. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या ९१ निबंधांवर चुकीच्या शिक्क्याचं सरासरी प्रमाण ६१ टक्क्यांच्या वर गेलं. अनेक डिटेक्टर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. मोजक्या शब्दसंपत्तीत, पाठ्यपुस्तकी वाक्यांत लिहिणारा माणूस त्या मापाने यंत्रासारखा दिसतो. परक्या भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांवर हा सरळसरळ अन्याय आहे, आणि नुसत्या टक्केवारीवर कुणालाही दोषी ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या बाजूने पुरावा म्हणजे कामाचा माग. गुगल डॉक्स किंवा वर्डमधला आवृत्त्यांचा इतिहास, हाताने काढलेली टिपणं, वाचलेल्या लेखांवरच्या खुणा, मार्गदर्शकांनी परत दिलेले मसुदे, आणि वर सांगितलेली नोंदवही. सगळं लेखन दुसरीकडे करून शेवटी एकदम चिकटवलं तर इतिहासात फक्त एक मोठा पेस्ट दिसतो, म्हणून पहिल्यापासून त्याच फाइलमध्ये लिहा. शेरा आलाच तर कोणतं टूल, कोणता भाग, किती टक्के हे लेखी मागा आणि त्या भागावर तोंडी चर्चेची तयारी दाखवा.

डिटेक्टर चुकवायला 'माणसाळवणारी', म्हणजे यंत्राचा मजकूर माणसाने लिहिल्यासारखा करून देणारी टूल्स वापरू नका. ती प्रस्थापित संज्ञांच्या जागी विचित्र प्रतिशब्द घालतात. असाच शब्दबदल केलेल्या शोधनिबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' (बनावट जाणीव) झालेलं सापडलंय, आणि संशोधक २०२१ पासून नेमके असे शब्द शोधून लेख उघडे पाडतायत.

आता तुमचा अर्धा प्रबंध. क्रम असा ठेवा: आज संमतीपत्र आणि मार्गदर्शकांना मुलाखतींबद्दलची ईमेल. या आठवड्यात खात्यातली सगळी संभाषणं उतरवून नोंदवहीत भरणं. मग संदर्भसूची, रोज दहा या हिशोबाने वरच्या रीतीने तपासणं, सापडत नाहीत ते काढून त्यांच्यावर उभी असलेली वाक्यंही तपासणं. भाषा सुधारलेली प्रकरणं जुन्या मसुद्याशी ताडणं सगळ्यात शेवटी, कारण संदर्भ गळाल्यावर त्यातली काही वाक्यं बदलणारच आहेत.